हापशीचं दूध

माझी सून बसवर कंडक्टर आहे. रजा संपून ती कामावर गेली तेव्हा नात अंगावर पिणारी होती आणि तिला वरचं दूध सोसत नव्हतं. गाईचं पाजलं की अंगभर पुरळ, डब्यातली पावडर कालवून दिली की जुलाब. दोन्ही करून पाहिलं होतं. म्हणजे आईचंच दूध पाहिजे, आणि आई दिवसभर गाडीवर. अडचण एवढीच होती. बाकीच्या अडचणी लोकांनी उभ्या केल्या.

दवाखान्यातल्या नर्सबाईने सुनेला हाताने चालवायचा पंप घ्यायला सांगितला. तिने तो मेडिकलमधून आणला. एका बाजूला नरसाळ्यासारखं तोंड, ते छातीला लावायचं. मध्ये दांडी, खाली बाटली. दांडी दाबली की ओढ बसते, सोडली की सुटते. आत रबराची एवढीशी चकती असते, ती वाकडी बसली तर नुसती हवा. पहिल्या दिवशी ती दाबून दाबून थकली तरी बाटलीचा तळ ओला झाला नाही. डोळे भरून आले तिचे. मी म्हटलं, "काय व, तुही हापशी कोरडी पडली काय?"

आमच्या गावात शाळेपाशी हापशी आहे, तिला आधी अशीच कोरडी दांडी मारत बसावं लागतं. सुनेला हसू आलं. हसता हसता पान्हा फुटला आणि बाटलीत धार लागली. त्या दिवसापासून पंपाचं नाव हापशी.

दुपारी गाडी डेपोत थांबली की ती बायकांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून हापशी चालवायची, मग उरलेल्या वेळात उभ्यानेच पोळी खायची. तिकिटाच्या बॅगेचा पट्टा नेमका छातीवरून जातो. दूध साठलं की तो कापल्यासारखा लागतो, असं ती म्हणायची. दांडी दाबून अंगठ्याच्या बुडाशी सूज आली होती. त्याच हाताने दिवसभर तिकिटं फाडायची. घरी आल्यावर मी तिचा हात तेल लावून चोळायची. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या पोराने, कधी चोळला नाही. त्याला तो हात दिसतच नव्हता.

आमच्याकडे गाडीने डबे पाठवायची रीत जुनी आहे. शिकायला गेलेल्या पोरांचे डबे असेच जातात. ड्रायव्हरजवळ द्यायचा, तो फाट्यावरच्या हॉटेलात उतरवतो, ज्याचा असेल तो घेऊन जातो. सुनेने ठरवलं, कामरगावावरून फाट्याकडे येणाऱ्या दुपारच्या गाडीने दूध पाठवायचं. बर्फाची पिशवी करायची, बाटली त्यात ठेवायची. फाट्यावरून मी आणीन. सरळ गोष्ट होती.

पोरगा म्हणाला, "बाटली पाठवाची नाई."

"काहून?" मी विचारलं.

"लोक पाह्यतीन ना आई. माह्या बायकोचं दूध हॉटेलात मांडून ठेवू काय मी?"

शेजारी राहणारा माझा धाकटा दीरही येऊन बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, गाय हाये काय ते, धार काढून पाठवाले? धा लोकाईची नजर लागली म्हंजे आटते मंग. सुनेले घरी बसवा."

"घरी बसवू, अन पगार तू आणून देशीन?" मी म्हटलं. तो उठून गेला.

पण पोराचं ऐकावं लागलं, कारण सूनच घाबरली. दूध स्टीलच्या बरणीत यायला लागलं, वर फडकं, झाकण घट्ट. हॉटेलवाल्याला पोराने सांगून ठेवलं की आईचा डबा येईल. कशाचा, ते सांगितलं नाही. आणि एवढी लाज असलेला माझा पोरगा ती बरणी आणायला एक दिवस फाट्यावर गेला नाही. उन्हात मी जायची.

पुढे दूध कमी व्हायला लागलं. सून कामावर धास्तावलेली, घरात तोंडं वाकडी. कधी बरणीत बूड झाकण्यापुरतंच निघायचं. मी तिला हळिवाची खीर करून घातली, शेपू घातली. मग एका दुपारी तिचा फोन आला. गाडीतल्या लोकांनी ऐकू नये म्हणून आम्ही हापशीचीच भाषा बोलायचो.

"आई, आज हापशीले पाणी लागलं. गळ्यापर्यंत बरणी भरली."

खूप दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता. मी नातीला पोराजवळ दिलं आणि निघाले.

फाट्यावर पोचले तर हॉटेलवाला म्हणाला, "काकू, तुमचा डबा आज नाई आला. भावाची बरणी तेवढी आली, ते पाह्य धुऊन ठेवली."

बरणी माझीच होती. "हे माही हाये. धुऊन? अन आतलं?"

त्याचं तोंड पडलं. त्याचं दूध संपलं होतं. अशा वेळी कामरगावचा त्याचा भाऊ अशाच बरणीत दूध पाठवतो. त्या दिवशी भावाला फोन करून ठेवलेला, आणि ड्रायव्हरने बरणी ठेवताना म्हटलं, दूध आहे, सांभाळ. त्याने झाकण काढलं आणि चहाच्या पातेल्यात ओतलं.

"पातळ होतं वो काकू," तो म्हणाला. "मले वाटलं भावानं पाणी टाकलं. मनातल्या मनात शिव्या देल्या त्याले."

बाकावर चार जण चहा पीत बसले होते. एक माझा दीर होता. बशीत ओतून, फुंकर घालून पीत होता.

मी म्हटलं, "ते माह्या सुनेचं दूध होतं. माही नात भुकी हाये घरी."

एकाने कप खाली ठेवला. दुसऱ्याने बाहेर जाऊन चूळ भरली. दीर तर ओकल्यासारखं करायला लागला, घशात बोट घालून. मग माझ्यावरच ओरडला, "वहिनी, बाटवलं तुमी आमाले. बाईचं दूध पाजता?"

मला तोपर्यंत फक्त वाईट वाटत होतं. तेव्हा राग आला. लेकराचं पोटभर दूध गेलं, त्याचं कोणाला काही नव्हतं. यांना आपल्या तोंडाची पडली होती.

"बाईचं दूध तू पयल्यांदा नाई पेत बापा," मी म्हटलं. "तुह्या मायले ताप होता, तिचं आटलं होतं. माही पोरगी एका मांडीवर, अन तू दुसऱ्या मांडीवर. चांगला चालाले लागला तोवर पेला. तवा नाई बोट घातलं घशात."

हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण वहिनीचं दूध प्यायला हे बोलायचं नाही, असं सासूनेच सांगून ठेवलं होतं. मी इतकी वर्षं बोलले नाही. दीर बशी हातात धरून बसला. हॉटेलवाल्याने माझ्यासमोर हात जोडले. मी त्याला म्हटलं, "तुही चूक नाई. तुले कोनी सांगतलंच नाई."

घरी रिकामी बरणी घेऊन आले. नातीला पावडर कालवून द्यावी लागली आणि व्हायचं ते झालं. संध्याकाळी सून आली, लेकराचे ओले कपडे पाहिले, सगळं ऐकलं. ती रडली नाही. पिशवीतून हापशी काढली आणि फळीवर ठेवली.

"बंद करतो मी आई. साऱ्या गावाले तमाशा झाला."

पोरगा मान खाली घालून म्हणाला, "बरोबर हाये तिचं."

मी हापशी खाली घेतली, उकळत्या पाण्यात टाकली आणि पोराला म्हटलं, "ते दूध बरणीत लपवलं म्हणून चहात गेलं. लपवाले तू सांगतलं. उद्या बाटली येईन, अन आणाले तू जाशीन. नाई गेला तं मी तुह्या दुधाची गोष्टही फाट्यावर सांगतो, तू किती वर्षाचा होईपर्यंत पेला ते."

सुनेच्या तोंडाला पदर गेला. ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी बाटली आली आणि पोरगा गेला. परत आला तेव्हा बाटली शर्टाच्या आत होती, पण आणली. मग आठ-पंधरा दिवसांनी हातात घेऊन यायला लागला. दूध पुन्हा वाढलं. दीर आता त्या हॉटेलात बसत नाही, पुढच्या पानठेल्यावर उभा असतो. माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

परवा पोरगा फवारणीला गेला होता म्हणून मी फाट्यावर गेले. हॉटेलवाल्याने बाटली फ्रिजमध्ये थंड्याच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली होती. काचेतून दिसत होती. एका बाहेरगावच्या माणसाने बोट दाखवून विचारलं, "ते छोटं लस्सीचं हाये काय? केवढ्याले?"

हॉटेलवाला आलुबोंडे तळत होता. झारा हातातच ठेवून म्हणाला, "ते विकाचं नाई. त्या काकूच्या नातीचं हाये."

माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी बाटली घेतली आणि घरी आले. ऊन होतं, नात जागी झाली असणार.