खाडीत सरांच्या मागे बसून

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते शाळेतल्या गणिताच्या सरांचे. साताऱ्याच्या दुष्काळी भागातलं आमचं गाव, वडील पिठाच्या गिरणीत कामाला, घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बारावीचं वर्षभर सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. इंजिनिअरिंगला नंबर लागल्यावर मला नेरूळला सोडायलाही तेच आले. "एवढ्या पोरांतून तुला निवडलाय, नाव राख," असं निघताना गावच्या एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्या वाक्यावर मी कॉलेजची वर्षं काढली.

नोकरी नवी मुंबईतच लागली आणि मी नेरूळलाच राहिलो. थंडी सरली की ऑफिसमधले मित्र रविवारी कयाक, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होड्या, घेऊन निघायचे, कधी तलावात, कधी खाडीत. मीही जाऊ लागलो. आमच्यातली एक मैत्रीण सारसोळ्याची, कोळ्यांच्या घरातली. भरती-ओहोटी तिला विचारल्याशिवाय आम्ही खाडीत उतरत नसू, आणि ती वळा म्हणाली की वळायचं, त्यावर वाद नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर सर पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले. मला त्यांना माझं आयुष्य दाखवायचं होतं. सोसायटी दाखवून झाली, लिफ्ट दाखवून झाली. ऑफिसमध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत. म्हणून रविवारी त्यांना खाडीवर नेलं.

दोघांच्या कयाकमध्ये पुढे सर, मागे मी. दिशा मागच्यानेच सांभाळायची असते. सर खुशीत होते. फ्लेमिंगोंचा थवा पाहून "आणखी जवळ घे, आणखी जवळ," चाललं होतं. तेवढ्यात मैत्रिणीची हाक आली, "पानी चाललंय सर! वला आता!"

"एवढं पाणी कुठं जातंय?" सर म्हणाले. "चल पुढं."

आमच्या गावाकडे पाणी कोणी उपसल्याशिवाय तासाभरात कमी होत नाही. सरांना ते पटणं शक्य नव्हतं. मला मात्र सगळं ठाऊक होतं. मी दोनदा म्हणालो, "सर, वळू या." दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तू गप वल्हव." आणि मी गप वल्हवलं. फळ्यावर सरांचं गणित चुकत असलं तरी वर्गात आम्ही कोणी तोंड उघडत नव्हतो.

बाकीचे वेळेत धक्क्याला लागले. आमच्या खालचं पाणी बघता बघता सरलं आणि कयाक चिखलात बसली. किनारा हाकेच्या अंतरावर, पण मध्ये नुसता काळा गाळ.

धक्क्यावरून सुरू झालं. "गुरुजी, मधली सुट्टी झाली काय?"

"हजेरी घ्या सर, बगळे सगळे आलेत!"

"ए इंजिनिअर, खाली उतर, धक्का मार!"

सर रागाने उतरले. मी नको नको म्हणेपर्यंत मांडीपर्यंत रुतले. चपला गेल्या. लाइफ जॅकेटला धरून मी त्यांना कसंबसं वर ओढलं, तेव्हा धक्क्यावर टाळ्या पडल्या. एक जण मोबाइल धरून उभा होता.

ऊन चढलं. मला फक्त त्यांची मान दिसत होती. न राहवून मी म्हणालो, "सर, मनाला लावून घेऊ नका. ते सगळ्यांचीच अशी खेचतात. तुम्ही मला निवडलंत म्हणून मी इथवर आलो."

"तुला कुणी निवडला होता?" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मला दुसरा पोरगा पाहिजे होता. तुझ्या दुप्पट हुशार. त्याच्या बापानं त्याला मेंढरांमागं धाडला. बायकोनं खोली आवरून ठेवली होती. रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तुला बोलावला."

"मग स्टँडवर तुम्ही..."

"स्टँडवर काय सांगायचं होतं? दुसऱ्या नंबरचा आणलाय म्हणून?" मग ते म्हणाले, "तो असता तर वळला असता. माझं ऐकलं नसतं."

मैत्रिणीचे काका चिखलावरून फळी सरकवत आले. सरांना फळीवर पालथं झोपवून दोरीने किनाऱ्याला ओढून नेलं, मग तसंच मला. वर आल्यावर एका मित्राने वाकून त्यांच्या चिखलाने भरलेल्या पायांना हात लावला, "आशीर्वाद द्या सर." सगळे हसले. सारसोळ्याची मैत्रीणही हसली. सर संध्याकाळच्या एसटीने गेले. पिशवी मला उचलू दिली नाही.

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. शेवटी पत्र लिहिलं, ते असं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ मित्राला काढून टाकायला लावला. त्याआधी तो आपल्या गावापर्यंत पोचला होता, हे तुम्हाला कळलंच असेल. मी अजून त्याच मित्रांबरोबर जातो. मला दुसरे मित्र नाहीत.

तुम्ही म्हणालात ते खरं मानतो. तरी त्या वर्षी तुमच्या घरी मी जेवलो, तो जेवला नाही. हे आता तुम्हाला बदलता येणार नाही आणि मलाही.

त्याचं नाव कळवा. मेंढरं घेऊन तो कुठल्या बाजूला असतो तेही कळवा. मला त्याला भेटायचं आहे. भेटून काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

आपला विद्यार्थी"