तिसरा पुकारा

कोर्टाच्या जिन्याखाली उभा राहून एक म्हातारा माणसांची नावं ओरडत होता. वरच्या मजल्यावरून पट्टेवाला काहीतरी पुटपुटायचा आणि हा खालून तेच नाव असं खणखणीत घ्यायचा, की बाहेर चहा पिणारेही ग्लास ठेवून पळत यायचे. चंदनसारच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढत होते. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याने ते ओळखलं असावं. "येडा नाय मी, बाय," तो म्हणाला. "तीस वर्सं पगार घेऊन हेच केलं. आता फुकट करतो."

ते दामूकाका. कळंबचे, निवृत्त पट्टेवाले. कोर्ट कोणतं ते सांगत नाही. उगाच आणखी एक तारीख मागे लावून घ्यायची मला हौस नाही.

पुकारा तीनदा करायचा असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. एकदा कोर्टाच्या दाराशी, एकदा गॅलरीत आणि तिसऱ्यांदा जिना उतरून खाली. हा तिसरा पुकारा बहुतेक पट्टेवाले गिळून टाकत. गुडघे धरलेली, धाप लागणारी माणसं खालीच बसलेली असायची आणि वर त्यांच्या नावापुढे गैरहजर असं पडायचं. दावा निकाली. "मानूस कोर्टात बसलाय, पन कोर्टाला तो दिसत नाय. मंग गैरहजर कोन?" काका विचारायचे. या प्रश्नावर मी त्यांच्या पूर्ण कह्यात गेले, हे कबूल करते.

आम्ही चार-पाच जणांनी समिती काढली. मागण्या दोनच: तिसरा पुकारा झालाच पाहिजे, आणि जिना चढू न शकणाऱ्यांसाठी तळमजल्यावर एक खोली. काका लोकांच्या तक्रारी स्वतः लिहून घेत. मी व्याकरण सुधारायला गेले की डाफरायचे, "बोलतात तसंच राहू दे. कागदात आपलं शहानपन नको." बँकेत बावीस वर्षं फायलींवर नोटिंग करणाऱ्या बाईला हे ऐकवायची हिंमत दुसऱ्या कोणाची झाली नसती. माझ्या वडिलांनंतर मी इतकं कोणाचं ऐकलं नव्हतं.

एके दिवशी खाडीकाठच्या गावातून अनुसयाबाई आल्या. घरामागची वाडी दिराने बळकावली होती, त्याचा दावा. तारखेच्या दिवशी त्या सकाळपासून जिन्याखाली बसून होत्या. नाव आलंच नाही. दावा निकाली निघाल्याचं कळायला वर्ष गेलं. काकांनी तारीख विचारली, त्यांनी पिशवीतला कागद पुढे केला आणि काकांचा हात थांबला. चष्मा पुसून त्यांनी तारीख पुन्हा वाचली.

"त्या दिवशी पुकाऱ्याला मीच होतो," ते म्हणाले. "पाय सुजला होता. खाली उतरलोच नाय मी. माझ्या रिटायरमेंटचं वरीस होतं."

 मग काकांनीच त्यांना सांगितलं, "दावा परत उभा राहील. मी कोर्टाला लिहून देतो, चूक माझी होती म्हनून." समितीचं काम बघणाऱ्या आमच्या वकिलांनाही वाटलं की एवढं प्रतिज्ञापत्र आलं तर काम होईल. त्या संध्याकाळी घरी जाताना मला काकांचा अभिमान वाटला. इतका, की दोन-चार जणांना मी ती गोष्ट सांगितलीसुद्धा.

पुढच्या काही महिन्यांत नवे न्यायाधीश आले, त्यांनी आमचा अर्ज वाचला आणि तिसऱ्या पुकाऱ्याचा आदेश काढला. वसईत एका हॉलमध्ये काकांचा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि "निष्कलंक सेवा" असं छापलेलं मानपत्र. ते त्यांनी दर्शनी भिंतीवर लावलं. आमच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्राची आठवण केली की काका म्हणत, "देतो, देतो."

दावा परत उभा करावा म्हणून अनुसयाबाईंनी केलेल्या अर्जाच्या सुनावणीला काका आलेच नाहीत. आला तो दिराच्या वकिलाच्या हातातला कागद. इंग्रजीत टाइप केलेला, खाली दामूकाकांची सही, आठवड्यापूर्वीची तारीख. आपण त्या दिवशी नियमाप्रमाणे तिन्ही पुकारे केले, तिसरा जिन्याखाली जाऊन केला, असं त्यात शपथेवर लिहिलं होतं. अर्ज फेटाळला गेला. सगळा युक्तिवाद इंग्रजीत झाला. अनुसयाबाईंना त्यातलं फक्त काकांचं नाव कळलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात दाबला. "काकांचा कागद वाचला ना? मंग झालं आपलं काम." मी काहीतरी बोलले आणि त्यांना रिक्षात बसवलं. भ्याले मी, दुसरं काय?

तशीच कळंबला गेले. काका ओट्यावर बसले होते. मी बसले नाही.

"का केलंत असं?"

"तीस वर्सांत माझ्या नोकरीवर एक शेरा नाय," ते म्हणाले. "आता मरायच्या टायमाला डाग घेऊन गावात फिरू?"

"आणि तिची वाडी?"

"पन आता खाली पुकारा होतोय ना? किती जनांचं भलं झालं. एका मानसाचं ऱ्हायलं तर..."  मग विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू, बाय."

लोकांसाठी ते माझ्याकडे शंभरदा काही मागत आले होते. स्वतःसाठी हे पहिल्यांदाच. मला त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला नुसता संताप आला, आणि तो आजही तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनुसयाबाईंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. कागद कोणाचा, सही कोणाची, तारीख कोणती. त्यांचा विश्वासच बसेना. वाडीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. 

"आठ दिस झाले म्हनतेस सहीला?" त्यांनी विचारलं. "पन परवाच तर आले होते इथं. तिथं, तू बसलीस ना, तिथंच जेवले. बोंबलाची चटनी दोनदा मागून घेतली."