उजव्या हाताचा चुडा

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. बरं, थोडं इकडचं तिकडं झालं असेल. भोरात बांगड्यांचं दुकान म्हटलं की किस्से साचतातच. दिवसभर बायकांचे हात माझ्या हातात, अन् हातांपेक्षा तोंडं जास्त चालतात!

कामाचा हात थोराड होतो, हे आमच्या धंद्यात पहिलं कळतं. डाव्यात सर्रकन जाणारी बांगडी उजव्यात अडते. बँकेतल्या एका मॅडमना हे पटेना. "दोन्ही हात माझेच ना? मग माप एकच!" डावा भरला. उजव्याला पहिलीच बांगडी अंगठ्याच्या बुडाशी रुतली.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तेवढ्यात आटल्या का हो?"

उत्रोलीचा एक गडी बायकोसाठी बांगड्या न्यायला आला. विचारलं, "मालकीण उजवी का डावखुरी?" गड्यानं शेवटी मोबाईल लावला. पलीकडून आवाज आला, "वीस वर्सं जेवाय घालतीया, कंच्या हातानं वाढते ते बघितलं न्हाई?"

"म्या ताटात बघत व्हतो!"

पण माझी खरी पाचावर धारण बसली ती पाली गावाच्या वरल्या अंगाला, एका वाडीत. शेरडं-मेंढरं राखणारी माणसं. नवरीला हिरवा चुडा भरायचा होता. मापासाठी तिच्या भावानं जुनी बांगडी आणून दिलेली. कुठल्या हातातली, ते विचारायचं मीच विसरलो! ती निघाली डाव्यातली.

डावा हात भरला. उजवा धरला अन् चूक ध्यानात आली. लहानपणापासून त्याच हातानं कोयता चालवलेला, धारा काढलेल्या. तळवा नुसता फळीसारखा! मोठं माप राहिलं भोरात, दुकानात. अन् समोर होणारी सासू मांडी ठोकून बसलेली.

"दादा, नीट भरा," म्हातारी म्हणाली. "चुड्याची बांगडी वाढली, तर आमी हितनंच माघारी."

चुड्याची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पोरीचा बाप दाराची चौकट धरून उभा.

साबण लावला. तेल लावलं. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली. एकेक बांगडी कशीबशी सरकत गेली. शेवटची अडली ती अडलीच.

पोरगी ओठ चावून म्हणाली, "काका, दाबा. म्या वरडायची न्हाई."

"तुझं नाही गं, बांगडीचं भ्या वाटतंय!"

दाबली. नेमकी तेव्हाच म्हातारीला खोकल्याची उबळ आली. खोकत खोकत उठली ती थेट माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. खोकला थांबला तेव्हा चुडा पुरा झाला होता. एकही बांगडी न वाढता!

"चला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हळदीला उशीर व्हतोय."

आता खरं सांगतो. "एकही न वाढता" एवढं मात्र माझ्या पदरचं. म्हातारी खोकली, हे खरं. तिच्या टाचेखाली गेलेले दोन हिरवे तुकडेही खरे. तोंडावर लुगड्याचा पदर धरून ती दातओठ खात पुटपुटली होती, "दुसरी घे की, मुडद्या!"