रेणूबाई

रेणूबाईंच्या पर्समध्ये कायम कापराची डबी असायची, पण ती देवापुढे लावायला नव्हे. बाई रविवारी चर्चला जाणाऱ्या. कापूर असायचा अकरावीच्या वर्गासाठी. शेवगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. त्यांचं खरं नाव वेगळंच. रेणूंवर भरभरून बोलत म्हणून पोरांनी हे ठेवलं आणि बाईंनाही ते आवडलं.

त्या टेबलावर कापूर आणि मीठ शेजारी शेजारी ठेवत. आठवड्यानं कापूर झिजलेला असे, मीठ तसंच. "कापराचा रेणू तुटला का? नाही. आत अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेत, ती पकड घट्ट. पण एका रेणूची दुसऱ्यावरची पकड सैल, म्हणून तो उडून जातो."

"म्हणजे आपल्या स्टाफरूमसारखं," मी एकदा म्हटलं.

"स्टाफरूममध्ये आत तरी घट्ट कुठंय?" बाई गंभीरपणे म्हणाल्या.

एका बाजारच्या दिवशी आम्ही दोघी भाजी घेत होतो. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातला पाइप फुटला. नाकाडोळ्यांत झोंबणारा वास आला आणि माणसं वारा नेईल तिकडेच पळू लागली.

"अमोनिया आहे. पाण्यात चटकन विरघळतो. पदर भिजवून नाकाला लावा," बाई म्हणाल्या. भाजीवाल्यांच्या बादल्यांत रुमाल, पंचे बुडवून मी वाटत सुटले. बाई मात्र ओरडत राहिल्या, "वाऱ्याला आडवे चला, आडवे!" ओरडायचं तर तोंडावरचा ओला पदर काढावा लागत होता.

कारखान्यातला सोपान डोळे गच्च मिटून धडपडत बाहेर आला. बाईंनी त्याला नळाखाली बसवलं.

"बाई, मला दिसंल ना?"

"दिसेल. पण डोळे उघड, पाणी आत जाऊ दे."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी धार हलू दिली नाही. सोपानची नजर वाचली. बाईंचा आवाज मात्र त्या दिवशी बसला, तो पुरता परत आलाच नाही. पुढे त्या कुजबुजल्यासारखं शिकवत, आणि मागच्या बाकांवरची पोरं पुढे येऊन खाली फरशीवर बसत.

बाईंच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात त्या माझ्या कानात सांगत होत्या आणि मी माइकवर बोलत होते. पहिल्या रांगेत सोपान बायकोला घेऊन बसला होता. त्याच्याकडे बघून बाई म्हणाल्या, "सांगा, त्या दिवशी ओरडले याचं मला कधी वाईट वाटलं नाही."

मी माइक तोंडाशी नेला. ते वाक्य काही बाहेर पडेना. बाईंनी माझ्या हातातून माइक घेतला आणि त्या फाटक्या आवाजात स्वतःच ते म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.