आकड्यापुढचा मजकूर

ऑफिसात त्याला दशांशराव म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. हृदयाच्या पेशंटांनी रोज सकाळी वजन करून मोबाइलवर कळवायचं, असा त्याचा प्रोग्रॅम. लोक त्या चौकटीत वाट्टेल ते टाइप करत: कुणी '72,5', कुणी 'साधारण 72.5 किलो असेल'. कॉम्प्युटरच्या लेखी ही नुसती अक्षरं. त्यांची दशांश संख्या केल्याशिवाय वजन वाढलं की घटलं हे त्याला कळत नाही. दशांशरावाने असा कोड लिहिला होता की आकडा तेवढा सुटून यायचा आणि बाकीचा मजकूर तिथल्या तिथे टाकून दिला जायचा. एकही एरर नाही. स्वारी त्यावर भलतीच खूश होती.

परगावी एकटी राहणारी त्याची आईही रोज वजन कळवायची. भाड्याच्या खोलीत चहा पिताना तो मोबाइलवर बघायचा: 48.6. जीव भांड्यात पडायचा. आकडा आला म्हणजे आई बरी, मग फोन कशाला? त्यालाही कुणाचा फोन येत नसे. खोलीत आवाज करणारं कोण, तर पंखा. हे त्याला फार सलायचं. आईलाही तसंच सलत असेल, हे मात्र या हुशार माणसाच्या डोक्यात कधी आलं नाही.

एका रविवारी अगदीच करमेना, म्हणून त्याने फोन लावला. आईने विचारलं, मग गुडघ्याचं काय करू? कुठला गुडघा, असं तो म्हणाला.

"अरे, रोज लिहिते की वजनापुढे. गुडघ्याचं, शेजारीण घर सोडून गेली त्याचं. वाचतोस ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याला ते जमलं नाही.

"आई, तिथे फक्त आकडा लिहायचा असतो. बाकीचं आपोआप टाकून दिलं जातं."

"कुठेच राहत नाही?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. "मला वाटायचं, तुला उत्तर द्यायला वेळ होत नसेल."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाताच त्याने कोड बदलला. आता आकडा वेगळा निघणार होता आणि उरलेला मजकूर शेजारीच जपला जाणार होता. आईला मुद्दामच सांगितलं नाही. ती काही लिहील, मग लगेच फोन करून तिला चकित करायचं, असा त्याचा बेत.

पुढच्या सकाळी चहा निवला तरी तो मोबाइलकडे डोळे लावून बसला होता. आईचं वजन आलं: 48.4. शेजारची जागा रिकामी होती. त्याने सांगितलं तसा तिने नुसता आकडा लिहिला होता, टिंबसुद्धा नीट देऊन.