पूर्वेकडचे खुंट

"साहेब, हे तुमीच लिवलं का?"

शोभाताईंनी मशीनच्या ऑपरेटरचा मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर माझाच मेसेज होता. 'उद्या सकाळी सात. आधी पूर्वेकडचे खुंट काढणे, नंतर बाकीचे.' मी हो म्हणालो. त्यांनी मागे बोट दाखवलं. तिथे काल संध्याकाळपर्यंत जंबेरीची पाच झाडं होती. आता एक धड होतं, एक अर्धं होतं आणि तीन ठिकाणी ओल्या भुशाचे ढीग होते.

मला धक्का बसला म्हणणं कमी आहे. काय झालं ते मला विचारावंही लागलं नाही.

मी कृषी अभियंता. उभी नोकरी अकोल्यात यंत्रांच्या टेस्टिंगमध्ये गेली. आता अमरावतीला असतो आणि कोणतं यंत्र घ्यावं, कोणतं घेऊ नये हे शेतकऱ्यांना सांगतो. 'घेऊ नये' या सल्ल्याला गिऱ्हाईक कमी असतं.

शोभाताईंची चांदूर बाजारजवळ संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. बाजूची त्यांची जुनी बाग मूळकुजीने वाळली. झाडं तोडून झाली, पण तीनशेच्या वर बुंधे जमिनीत तसेच उभे. पावसाळ्याआधी तिथे शेडनेट उभारायची होती. जेसीबी लावला तर बुंध्याबरोबर ठिबकच्या नळ्याही उपटून निघतात आणि मागे गाडीभर मातीचा खड्डा राहतो. म्हणून स्टंप ग्राइंडर. दाते लावलेलं एक जाड चाक असतं. ते गरगर फिरत बुंधा किसतं, जमिनीच्या खाली वीतभर जातं, आणि बुंध्याचा भुसा होतो. संत्र्याच्या एका बुंध्याला पाच-सात मिनिटं पुरतात.

प्रश्न एवढाच होता की विकत घ्यायचं की भाड्याने.

"इकतच घेऊ," शोभाताई म्हणाल्या. "भाड्याच्या मशीनसंगं भाड्याचा मानूस येते. त्याले आपलं वावर काय समजते?"

मी लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट दाखवली. मशीन त्यांच्याकडे चार दिवस चालणार, मग वर्षभर टिनाखाली उभं राहणार. दाते झिजणार, बेल्ट वाळणार, सर्व्हिसिंगला नागपूरची वाट. माझा नियम साधा आहे. जे यंत्र वर्षातून दोन महिने चालणार नाही, ते दारात बांधू नये.

"ताई, वरातीला घोडा लागतो. म्हणून कोणी घोडा विकत घेतं का?"

"घोडा भडकला तं नवरदेवच पडते साहेब, घोडेवाला नाई पडत."

मी हसलो. त्याही हसल्या आणि भाड्याला तयार झाल्या. अकोल्याच्या एका मशीनवाल्याशी मी चार दिवसांचं बोलून टाकलं. तो म्हणाला, कामाचं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, ऑपरेटर त्याप्रमाणे करेल.

आदल्या संध्याकाळी मी शोभाताईंना फोन केला. सुरुवात कुठून करायची ते विचारलं.

"आधी उगवतीकडचे खुंट काढू," त्या म्हणाल्या, "मंग मशीनले रान मोकळं."

मी लिहून घेतलं. 'उगवतीकडचे'चं 'पूर्वेकडचे' केलं. 'काढू'चं 'काढणे' केलं. सरकारी नोकरीत हात असाच वळतो. मशीनवाल्याला पाठवून जेवायला बसलो.

आता हे 'खुंट' म्हणजे काय ते सांगतो. यंत्रवाल्यांच्या भाषेत खुंट म्हणजे जमिनीत राहिलेला बुंधा. नर्सरीवाल्यांच्या भाषेत खुंट म्हणजे जंबेरीचं रोप. जंबेरी हे आंबट, खडबडीत लिंबू. त्याचं बी पेरून रोप करतात आणि त्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. खाली जंबेरी, वर संत्रा, झालं कलम. पेन्सिलीएवढी रोपं वाफ्यातून उपटून पिशव्यांत भरायची, त्याला शोभाताईंकडे 'खुंट काढणे' म्हणतात. हे वाफे पूर्वेला, मशीनच्या वाटेतच होते. बाईंचं म्हणणं होतं की आधी आम्ही रोपं काढून घेतो, मग तुमचं मशीन आत येऊ दे. 'आम्ही' हा शब्द त्या बोलल्या नव्हत्या, 'काढू'मध्ये तो होता. मी नेमकं तेच अक्षर बदललं होतं.

त्या वाफ्यांच्या कडेला ही पाच झाडं होती. नर्सरीचे मातृवृक्ष. त्यांच्याच बियांपासून बावीस वर्षं शोभाताईंचे खुंट तयार होत होते. तिवसा, मोर्शीकडचे लोक त्या खुंटासाठी मुद्दाम इथवर यायचे. फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या होत्या, म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच ताईंनी ती झाडं गुडघ्यापर्यंत छाटून टाकली होती. दोन वर्षं बी बाहेरून आणू, पण झाडं वाचवू, असा त्यांचा हिशेब होता. छाटलेल्या खोडांना बुरशी लागू नये म्हणून निळसर बोर्डो पेस्ट फासली होती.

ऑपरेटरचं नाव गजानन. मशीनला टेकून उभा होता, चेहरा उतरलेला.

"काऊन रे बावा, हिरवं लाकूड दिसलं नाई का तुले?" शोभाताईंनी विचारलं. आवाज अगदी शांत होता. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"दिसलं जी काकू. पन रंग लावेल होता." गजाननने माझ्याकडे पाहिलं. "आमी रोडाच्या कामावर असतो. जे झाड काढाचं असते, त्याले रंग मारते. साहेबाच्या मेसेजमंदी पूर्वेकडचे, इथं पूर्वेकडं रंग. मले वाटलं, हेच."

त्याची काय चूक काढणार? आमच्याकडे जगवायच्या झाडाला रंग लावतात, त्याच्याकडे मारायच्या. सात वाजता तो आला तेव्हा शोभाताई ऑटो घेऊन रोपं काढणारे मजूर आणायला गावात गेल्या होत्या आणि मी वाटेत वलगावला चहा पीत होतो. सांगायला जागेवर कोणी नव्हतं. होता तो माझा मेसेज.

"ताई, चूक माझी आहे. भरपाई मी देतो," मी म्हणालो.

"पैसे देसान साहेब. बावीस वर्षं कुठून आनसान?"

त्या भुशाच्या ढिगापाशी बसल्या, मूठभर भुसा नाकाशी नेला आणि परत ठेवला. जंबेरीच्या भुशाला लिंबासारखा वास येतो, हे मला त्या दिवशी कळलं. यंत्रांमध्ये जन्म गेला, पण हे माहीत नव्हतं.

मग त्या उठल्या आणि गजाननला पश्चिमेकडच्या बागेत घेऊन गेल्या. प्रत्येक बुंध्याला स्वतः हात लावून "हा काढ, हा काढ" म्हणत गेल्या. चार दिवसांचं काम साडेतीन दिवसांत झालं. शेडनेट पावसाआधी उभी राहिली. मशीन भाड्याने घेण्याचा निर्णय कागदावर शंभर टक्के बरोबर ठरला, आणि ते मला कोणाला सांगवलं नाही.

धड राहिलेलं झाड फुटलं. अर्ध्या झाडाची मी आशा सोडली होती. दीड महिन्याने शोभाताईंनी फोटो पाठवला. किसलेल्या बाजूला काही नव्हतं, पण उरलेल्या सालीतून तीन कोंब आले होते. मी तो फोटो बायकोला दाखवला आणि बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

आजही कोणी विचारलं तर मी ग्राइंडर भाड्यानेच घ्या म्हणतो. फक्त दोन गोष्टी वाढवल्या आहेत. काढायच्या बुंध्याला मालकाने स्वतः चुना लावायचा, आणि पहिला बुंधा निघेपर्यंत मालकाने आणि मी तिथे उभं राहायचं. यंत्र भाड्याने मिळतं, वावराची ओळख मिळत नाही. ती जागेवर जाऊन द्यावी लागते.

गेल्या महिन्यात शोभाताईंच्या जावेच्या शेतातलं तसंच काम निघालं. मी फोनवर विचारलं, "किती खुंट काढायचे आहेत?"

"साहेब," शोभाताई म्हणाल्या, "तुमचे खुंट का माहे खुंट?"

मी गाडीची किल्ली घेतली आणि सांगितलं, थांबा, मीच येतो.