तीन काळजांचा ऑक्टोपस

फुआतिनोचं लहानपणीचं पाठांतर सवाई बेटावरच्या तिच्या गावात लोक अजूनही कौतुकाने आठवतात. ऑक्टोबरात मुलांचा रविवार येतो. त्या दिवशी पांढरेशुभ्र कपडे घातलेली मुलं एकेक करून उभी राहतात आणि साऱ्या चर्चपुढे बायबलमधली वचनं म्हणतात. एखादं पोर अडखळलं, तर आईबापांच्या माना खाली जातात. सहा वर्षांच्या फुआतिनोने अख्खा अध्याय धडाधडा म्हटला होता. त्या दिवशी मोठी माणसं मुलांना आधी वाढतात, आणि तिच्या पानात डुकराच्या भाजलेल्या मांसाचा कुरकुरीत तुकडा वडिलांनी स्वतःच्या हाताने वाढला होता.

पुढे ती शिक्षिका व्हायला देशाच्या राजधानीत, आपियाला गेली. तिथे एका सरांनी तिचं उत्तर ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे पुस्तकाचं झालं. तुला काय कळलं ते सांग ना." फुआतिनो उभीच राहिली. डोक्यात पानंच्या पानं होती, पण तोंडातून शब्द फुटेना. आपल्याला पुष्कळ येतं, ही तिची समजूत त्या एका मिनिटात गळून पडली.

म्हणून गावच्या शाळेत चौथीचा वर्ग मिळाल्यावर तिने हेडसरांच्या मागे लागून शुक्रवारचा शेवटचा तास मागून घेतला. त्याला ती 'शोधाचा तास' म्हणे. मुलांनी एखादा विषय घ्यायचा, पुस्तकांत धुंडाळायचा आणि आपल्या शब्दांत वर्गाला सांगायचा. शाळेत समुद्राविषयीचं धड असं एकच पुस्तक होतं, त्यामुळे पहिला विषय ठरला ऑक्टोपस.

पुढच्या शुक्रवारी लेइतू आणि तिच्या चार मैत्रिणी फळ्यापुढे उभ्या राहिल्या. हात बाजूला, नजर छताकडे. पाच गळ्यांतून एकाच चालीत सुरू झालं, "अष्टपाद हा मृदुकाय संघातील सागरी जीव असून त्यास तीन हृदये असतात. पृष्ठ चव्वेचाळीसवरील आकृती पाहा."

शाळेला भिंती अर्ध्याच. बाहेरून जाणारे हेडसर इयाकोपो थांबून टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास! एक शब्द इकडचा तिकडे नाही!"

"लेइतू, मृदुकाय म्हणजे काय गं?" फुआतिनोने विचारलं.

"पुस्तकात आहे ते, बाई."

"हो, पण तुझ्या शब्दांत सांग की."

लेइतूचे डोळे मोठे झाले. "पुस्तकातले शब्द बदलायचे? आई बडवेल मला!"

मुलं निघून गेल्यावर हेडसर आत आले. "फुआतिनो, पालकांचा दिवस तोंडावर आलाय. पोरं इतकं छान म्हणतायत, कशाला विस्कटतेस?"

"सर, त्यांना त्यातलं काही कळलेलं नाही."

"कळेल मोठेपणी. आपल्याला कुठे सगळं कळत होतं? आता सांगून ठेवतो, त्या दिवशी गावासमोर पोरं अडखळली, तर तुझा तास मी पाठांतराला देणार. मग रडायचं नाही."

फुआतिनोने मग मुलांना शब्द बदलायला शिकवून पाहिलं. एकाने प्रत्येक 'आणि'च्या जागी 'तसेच' घातलं आणि काम संपवलं. दुसऱ्याने चव्वेचाळीसचं पंचेचाळीस केलं. ती हसली खरी, पण घरी जाताना तेच तिच्या डोक्यात घोळत होतं. मुलं आळशी असती तर रागावता तरी आलं असतं. ही बिचारी पुस्तकाला मान देत होती.

त्याच संध्याकाळी, प्रार्थना आटोपल्यावर, ती मोएलागी आजींकडे गेली. त्या लेइतूच्या आजी. आजी चटई विणत होत्या आणि लेइतू धाकट्या भावंडांना फागोगो सांगत होती. फागोगो म्हणजे आजी-पणजीकडून आलेल्या गोष्टी. मधूनमधून ऐकणाऱ्यांनी "आउए!" म्हणून हुंकार द्यायचा, तरच सांगणारा पुढे सरकतो. लेइतूच्या गोष्टीतला राक्षस चक्क बसमध्ये चढला, तिकिटावरून ड्रायव्हरशी भांडला आणि शेवटी मागच्या बाकावर डुकराशेजारी बसला.

"आउए!" आजी खदखदून हसल्या.

"आजी, राक्षस बसने कधी गेला? तुम्ही तिला रागावत कशा नाही?"

"का रागावू? वचन देवाचं, त्याला हात लावायचा नाही. फागोगो सांगणाऱ्याची. माझीच मला जशीच्या तशी ऐकवली, तर मी झोपून नाही का जाणार?"

फुआतिनो उठून तडक निघालीच. "अगं, कोको तरी घेऊन जा!" आजी मागून ओरडत राहिल्या.

पुढच्या शुक्रवारी मुलांनी पुस्तक वाचलं. मग फुआतिनोने ते कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. "आता ऑक्टोपसची फागोगो. दोघादोघांनी बसा. एकाने सांगायची, दुसऱ्याने आउए म्हणायचं आणि एक प्रश्न विचारायचा. उत्तर आलं नाही तर किल्ली मागायला या. पण गंमत अशी, की यात खोटं काही घालायचं नाही. राक्षसाला बसमध्ये बसवता येतं, ऑक्टोपसला नाही."

मग वर्गात असा कालवा उठला, की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. तासाभरात किल्लीसाठी रांग लागली होती.

पालकांच्या दिवशी गावच्या सभाघरात चटयांवर सगळं गाव दाटीने बसलं होतं. खांबाला टेकून हेडसर बसले होते. लेइतू उभी राहिली. सवयीने तिची नजर छताकडे गेली, आणि मग खाली आजीकडे आली.

"ऐका हं. ऑक्टोपसला काळजं तीन. दोन काळजं रक्त कल्ल्यांकडे ढकलतात, श्वासासाठी. तिसरं ते सगळ्या अंगभर फिरवतं. पण तो पोहायला लागला, की हे तिसरं थांबतं! म्हणून तो दमतो. म्हणून त्याला पोहण्यापेक्षा तळाशी सरपटायला आवडतं. आमच्या बाबांसारखं."

"आउए!" मोएलागी आजींचा खणखणीत आवाज आला. मागोमाग साऱ्या सभाघराने हुंकार दिला आणि लेइतूचे बाबा हसत हसत तोंड लपवायला लागले.

तेवढ्यात एका कोळ्याने मागून विचारलं, "पोरी, एक काळीज आम्ही भाल्याने फोडलं, तर उरलेल्या दोनांवर तो जगेल का?"

लेइतू थांबली. हेडसर खांबाचा टेका सोडून पुढे सरकले.

"ते मला माहीत नाही," लेइतू म्हणाली. मग मान वर करून, "पण कुठे शोधायचं ते माहितेय. सोमवारी सांगते."

कोणाचीच मान खाली गेली नाही. कोळी म्हणाला, "सोमवारी येतो मग," आणि बायका टाळ्या वाजवू लागल्या.

जेवणं चालू असताना हेडसर उकडलेल्या तारोच्या कंदांचं ताट घेऊन फुआतिनोशेजारी येऊन बसले.

"फुआतिनो."

"हो, सर?"

"पोहताना ते तिसरं काळीज थांबतं म्हणाली ना ती? मग परत चालू कोण करतं?"

"पुस्तकात असेल, सर. नसलं तर दुसरं पुस्तक मागवावं लागेल."

"सोमवारपर्यंत थांबायला लावू नकोस," हेडसर म्हणाले आणि तारोने भरलेला हात पुसून तिच्यापुढे धरला. "किल्ली दे."